सेकंदाच्या शंभराव्या भागाचा बर्फ, चारशे वर्षांचा डोंगर

२०१५च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये, पाँथेऑनच्या इमारतीसमोरच्या चौकात, बर्फाचे बारा अवाढव्य ठोकळे वर्तुळात मांडले होते. घड्याळाच्या तबकडीवर जिथे जिथे आकडा असतो, तिथे एकेक ठोकळा. शहराबाहेर ल बुर्जे इथे त्याच दिवसांत हवामान परिषद चालू होती आणि पृथ्वीचं तापमान किती अंशांच्या आत रोखायचं यावर देशोदेशीचे प्रतिनिधी रात्री जागवत होते. इकडे चौकात मुलं बर्फाला मिठ्या मारत होती आणि मोठी माणसं त्याला कान लावून उभी राहत होती. हिमनदीचा बर्फ वितळताना आवाज करतो. बर्फाचे थर एकावर एक दाबले जाताना हजारो वर्षांपूर्वीची हवा त्यांच्यात अडकलेली असते. ती बुडबुड्या-बुडबुड्याने सुटू लागली की बारीक तडतड ऐकू येते.

ही कलाकृती होती ‘आइस वॉच’. ओलाफुर एलियासन हे डॅनिश-आइसलँडिक कलावंत आणि मिनिक रोसिंग हे भूवैज्ञानिक या दोघांनी ती केली. ग्रीनलंडची राजधानी नूकजवळच्या खाडीत हिमस्तरापासून आधीच सुटून तरंगत असलेले हिमखंड त्यांनी गोळा करवले आणि शीतकंटेनरांतून आधी डेन्मार्कला, मग पॅरिसला आणले. बर्फाचं एकूण वजन ८० टन होतं.

हे ८० टन म्हणजे आठ-दहा मालट्रक भरतील एवढा बर्फ. चौकात उभं राहून पाहिलं तर तो पुष्कळच वाटणार. आता थोडा भागाकार करू. ग्रीनलंडवरचा हिमस्तर सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाराष्ट्राच्या साडेपाचपट. एवढ्या बर्फाचं वजन करायला कुठला काटा आणायचा? तो आकाशात आहे. २००२पासून ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी पृथ्वीभोवती फिरू लागली. एक पुढे, दुसरा त्याच्या मागे सुमारे २२० किलोमीटरवर. खालच्या वस्तुमानात फरक पडला की गुरुत्वाकर्षणाची ओढ बदलते आणि या दोघांमधलं अंतर केसाहूनही बारीक मापाने कमीजास्त होतं. त्यावरून हिमस्तराचं वजन काढलं जातं. पुढे तेच काम नव्या जोडीने चालू ठेवलं. या मोजणीनुसार ग्रीनलंड दर वर्षी सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावतं.

वर्षात ३ कोटी १५ लाख ३६ हजार सेकंद असतात. म्हणजे सेकंदाला साडेआठ हजार टन. पॅरिसच्या चौकातला तो सगळा बर्फ, ज्यांच्यासाठी जहाजं, ट्रक आणि क्रेन लागल्या ते बारा ठोकळे, हे सगळं ग्रीनलंडच्या एका सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढं होतं. पापणी एकदा लवते तेवढ्या अवधीत असे तीसेक चौक भरतील एवढा बर्फ नाहीसा होतो.

हेच आपल्या ओळखीच्या मापात मांडून पाहावं. कोयना धरण काठोकाठ भरलं की त्यात १०५ टीएमसी पाणी असतं, म्हणजे जवळजवळ तीन अब्ज टन. पाटण-कराडची माणसं, कृष्णाकाठची गावं पावसाळाभर ज्या आकड्याकडे डोळे लावून बसतात तो हा आकडा. ग्रीनलंडवरून वर्षाला अशी ९० भरलेली कोयना धरणं समुद्रात जातात. दर चार दिवसांना एक. हे पाणी जगभरच्या समुद्रांवर सारखं पसरलं तर पातळी वर्षाला पाऊण मिलिमीटरने चढते. पाऊण मिलिमीटर ऐकून कुणाची झोप उडत नाही, आणि २७० अब्ज टन ऐकूनही उडत नाही. एक आकडा इतका लहान की जाणवत नाही, दुसरा इतका मोठा की मनात मावत नाही. या दोन आकड्यांच्या मधे हात टेकायला काहीतरी लागतं, आणि एलियासन यांनी तेवढंच आणून दिलं.

या खटाटोपाचाही धूर झाला. पॅरिसच्या प्रदर्शनाचा हिशेब मांडून जाहीर केला गेला, तो ३० टन कार्बन डायऑक्साइडचा. तीस माणसं विमानाने पॅरिसहून ग्रीनलंडला हा बर्फ पाहायला जाऊन परत आली असती तर जेवढा धूर झाला असता, साधारण तेवढा. हा खर्च योग्य होता, असं मला वाटतं. तीस माणसांच्या धुरात हजारो माणसांनी त्या बर्फाला हात लावला. शिवाय स्वतःचा हिशेब आपणहून लोकांसमोर ठेवणं हाही त्या कलाकृतीचाच भाग आहे.

माणूस आणि निसर्ग यांच्यातल्या नात्याबद्दल उघड्यावर मोठमोठं काम करणारे कलावंत त्याआधीही होते. अमेरिकेच्या वाळवंटात तर १९६०च्या दशकाअखेरीपासून अचाट आकाराची कामं झाली. मायकल हायझर यांनी १९६९मध्ये नेवाडातल्या एका पठाराच्या कडेला समोरासमोर दोन चर खणले. त्यासाठी २ लाख ४० हजार टन खडक उकरला. त्यांच्या पोकळीचं नाव ‘डबल निगेटिव्ह’. रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७०मध्ये यूटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये सहा हजारांहून अधिक टन दगडमाती टाकून ४६० मीटर लांबीची गोलगोल वळत जाणारी वाट बांधली, ‘स्पायरल जेट्टी’. ग्रीनलंडच्या मापाने पहिलं काम अर्ध्या मिनिटाच्या आतलं आणि दुसरं एका सेकंदाच्याही आतलं. हायझर यांच्या कामापुढे छाती दडपते, पण माझं मन तिथे रमत नाही. जमीन उकरण्याचं बळ आपल्यात किती आहे हे सांगायला खाणी पुरेशा आहेत. स्पायरल जेट्टीची गोष्ट वेगळी. ती बांधल्यावर सरोवराचं पाणी चढलं आणि ती तीसेक वर्षं बहुतेक काळ पाण्याखाली होती. २००२च्या सुमारास वर आली. आता सरोवरच आटतंय, त्याला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी शेतीला आणि शहरांना वळवलं जातंय, आणि २०२२मध्ये पातळी नोंदींच्या इतिहासातली सर्वांत खाली गेली. पाण्यात बांधलेली वाट आज पाण्यापासून लांब कोरड्या मिठात पडून असते. स्मिथसन १९७३मध्येच विमान अपघातात गेले. आपण सरोवराची पातळी दाखवणारी पट्टी बांधतोय हे त्यांच्या मनातही नसेल.

क्रिस्टो आणि जान-क्लोद या जोडप्याने १९८३मध्ये मायामीजवळच्या बिस्केन उपसागरातल्या अकरा बेटांभोवती गुलाबी कापड तरंगवलं. सहा लाख चौरस मीटर कापड, आणि ते राहिलं अवघे दोन आठवडे. ते चित्र जगभर गाजलं. मला मात्र त्यातला दुसराच आकडा लक्षात ठेवावासा वाटतो: कापड पसरण्याआधी त्या बेटांवरून त्यांच्या माणसांनी ४० टन कचरा काढला.

आता १९८२ या एका वर्षाकडे येतो, कारण त्या वर्षी दोन खंडांत दोन कलावंतांनी जमिनीत बी आणि रोप लावून जे केलं, त्याने या सगळ्या कलेचं माप बदललं.

पहिली जागा न्यूयॉर्क. मॅनहॅटनच्या टोकाला, वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे बांधताना निघालेली माती-दगड नदीत ढकलून केलेली भराव जमीन होती. एका बाजूला वॉल स्ट्रीट, समोर पाण्यात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या अ‍ॅग्नेस डेन्स यांना या भागात सार्वजनिक शिल्प करायला सांगितलं गेलं आणि त्यांनी गहू पेरायचं ठरवलं. दोनशे ट्रक माती आणून पसरली. दगडगोटे, गंजलेल्या तारा, शहराचा कचरा वेचला. हाताने २८५ सऱ्या काढल्या, हाताने बी टाकलं आणि माती ओढली. आपल्याकडे गहू रब्बीचा. तिथे तो मे महिन्यात पेरला. पाण्याची सोय केली, तण काढलं, काणी-बुरशीवर लक्ष ठेवलं, आणि १६ ऑगस्टला कापणी केली. दोन एकरांत हजार पौंडांहून थोडा जास्त गहू निघाला.

हजार पौंड म्हणजे साडेचार क्विंटल. एकरी सव्वादोन क्विंटलांचा उतारा. आपल्याकडच्या बागायतदाराने हा उतारा ऐकला तर तो हळहळेल. भरावावरच्या उसन्या मातीत याहून काय निघणार! पण डेन्स यांनी या शेताबरोबर आणखी एक आकडा ठेवला होता: त्या जमिनीची किंमत, साडेचार अब्ज डॉलर. त्यांच्या या आकड्याला निघालेल्या गव्हाने भागलं तर एका किलोमागे एक कोटी डॉलरची जमीन येते. जगाचा पैसा ज्या रस्त्यावर हलतो, त्या वॉल स्ट्रीटपासून दोन चौक पलीकडे त्या शेतात कणसं डुलत होती. जगात भूक का आहे, हा प्रश्न त्या शेतातूनच उभा राहत होता. तो गहू पुढे जागतिक भुकेवरच्या एका प्रदर्शनाबरोबर २८ शहरांत फिरला आणि लोकांनी त्यातले दाणे नेऊन पेरले. शेताच्या जागी आज बॅटरी पार्क सिटीच्या इमारती उभ्या आहेत.

दुसरी जागा जर्मनीतलं कासेल. दुसऱ्या महायुद्धात, १९४३च्या ऑक्टोबरमधल्या एका रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात या शहराचा मध्यभाग बेचिराख झाला होता. त्याच शहरात १९५५पासून ‘डॉक्युमेंटा’ हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन भरू लागलं. १९८२च्या डॉक्युमेंटासाठी योझेफ बॉइस यांनी तिथल्या मुख्य संग्रहालयासमोरच्या मैदानात ७,००० दगड आणून टाकले. बसॉल्टचे उभट खांब, प्रत्येक माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढा. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना या दगडाचा आकार लगेच कळेल: लाव्हा थंड होत आकसताना जे बहुकोनी स्तंभ तयार होतात, तसेच हे.

त्या ढिगाला अट होती. शहरात कुठेही एक झाड लावलं की ढिगातला एक दगड उचलून त्या झाडाशेजारी पुरायचा. झाड न लावता दगड हलवायचा नाही. ढीग किती उरला ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत राहणार. कामाचं नाव ‘७००० ओक’, पण लावलेल्यांत अ‍ॅश, लिंडन, मेपल, चेस्टनट अशी इतरही झाडं आहेत. रोज सकाळी कामावर जाताना आपल्या शहराने किती वचन पुरं केलंय आणि किती बाकी आहे हे डोळ्यांनी मोजता येईल, असा दुसरा सरकारी वा बिनसरकारी फलक मला माहीत नाही. कित्येक कासेलकर त्या दगडांवर चिडलेही होते. चिडणं स्वाभाविक होतं. शहराच्या तोंडावर कुणी सात हजार दगड आणून ओतले तर कोण खूश होईल? पण ते हटवण्याचा मार्ग एकच होता.

पैशासाठी बॉइस यांनी जे केलं तेही थक्क करणारं आहे. एका झाडासाठी ५०० मार्क देणाऱ्याला त्यांनी प्रमाणपत्र दिलं. जपानच्या व्हिस्कीच्या जाहिरातीत ते झळकले. रशियाच्या झार इव्हानच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती त्यांनी सर्वांसमोर वितळवली, तिचा ससा केला, आणि तो विकून आलेले पैसे झाडांना दिले. पहिलं झाड त्यांनी स्वतः १६ मार्च १९८२ला लावलं. जानेवारी १९८६मध्ये ते गेले. सात हजारावं झाड १२ जून १९८७ला, पुढच्या डॉक्युमेंटाच्या उद्घाटनाला, त्यांच्या मुलाने पहिल्या झाडाशेजारी लावलं. पाच वर्षं आणि तीन महिने. रोज सरासरी साडेतीनहून थोडी जास्त झाडं.

रोज साडेतीन! आमच्या महाराष्ट्राने २०१९च्या पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत, ३३ कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. म्हणजे रात्रंदिवस दर सेकंदाला ४१ झाडं. कासेलच्या गतीने ३३ कोटी झाडं लावायला जवळजवळ अडीच लाख वर्षं लागतील. एवढ्या फरकावरून कासेलचं काम किरकोळ आणि आपलं महान ठरवायचं का? आपल्याकडच्या मोहिमेत मनापासून खड्डे खणणारे शिक्षक, शाळकरी मुलं, वनखात्यातली माणसं होती, त्यांच्या घामाबद्दल मला आदर आहे. प्रश्न आकड्याच्या जातीचा आहे. ३३ कोटींतलं एक झाड मेलं तर ते कुणाला कळणार? कुठलं मेलं हे तरी कुणाला सांगता येणार? कासेलमध्ये झाडाशेजारी दगड उभा असतो. झाड गेलं तर दगड एकटा दिसतो आणि तिथे झाड होतं, त्याच्या जागी दुसरं लावायचंय, हे सांगत राहतो. लावलं तेव्हा दगडापुढे रोप काडीएवढं होतं. आज चाळीस वर्षांनंतर खोड फुगून दगडाच्या वर छत धरून आहे. बॉइस यांना हेच हवं होतं. दगड तेवढाच राहतो, झाड वाढतं, आणि दोघांमधलं प्रमाण रोज बदलतं.

म्हणून मला संख्येबद्दल एक ठाम मत झालंय. ज्या संख्येतला प्रत्येक एक वेगळा ओळखता येतो, तीच संख्या कुणाला तरी बांधून घेते. बाकीच्या संख्या वर्तमानपत्राच्या मथळ्यात राहतात.

हे मत कसोटीला लावायचं तर फिनलंडला जावं लागतं. डेन्स यांच्या मनात १९८२च्याच सुमारास आणखी एक कल्पना होती; ती उतरायला दहा वर्षं लागली. १९९२ला रिओ द जनेरोच्या वसुंधरा परिषदेत, पाच जूनच्या पर्यावरणदिनी, फिनलंडच्या सरकारने तिची घोषणा केली. उलोयार्वी गावाजवळ रेती-खडी काढून उजाड झालेल्या खाणींची जागा होती. तिथे माणसाने डोंगर उभा केला: ४२० मीटर लांब, २७० मीटर रुंद, लंबवर्तुळाकार. त्यावर ११,००० पाइनची झाडं, आणि ती लावायला जगभरातली ११,००० माणसं. दर माणशी एक झाड. सूर्यफुलाच्या चकतीत बिया जशा मधून बाहेर वळत जातात, त्या गणिताशी नातं सांगणाऱ्या वळणांत झाडं लावली. १९९६मध्ये काम पुरं झालं. बावीसेक एकर जागा, एका झाडाच्या वाट्याला आठ चौरस मीटर.

आकारात हे काही जगावेगळं नाही. जगावेगळी आहे मुदत. ही जागा कायद्याने ४०० वर्षांसाठी राखून ठेवली आहे.

चारशे वर्षं म्हणजे किती? १९९६मधून चारशे वर्षं वजा करा. १५९६ उजाडतं. त्या वर्षी अहमदनगरच्या किल्ल्याला मुघलांचा वेढा पडलेला होता आणि चांदबिबी तटावर उभी राहून तो लढवत होती. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून ३४ वर्षं होती. मुंबई पोर्तुगीजांकडे होती. त्या वेळी अहमदनगरच्या एखाद्या माणसाने कागदावर लिहून दिलं असतं की या टेकडीवरचं झाड १९९६पर्यंत कुणी तोडणार नाही, तर निजामशाही, मुघल, मराठे, इंग्रज आणि स्वतंत्र भारत या सगळ्यांनी तो कागद पाळायला हवा होता. फिनलंडकडूनही पाहा. १५९६ला तो स्वतंत्र देश नव्हताच, स्वीडनच्या राज्याचा भाग होता. पुढे तो रशियाकडे गेला आणि १९१७मध्ये स्वतंत्र झाला. म्हणजे डोंगर पुरा झाला तेव्हा फिनलंडच्या स्वातंत्र्याला ८० वर्षंही झालेली नव्हती, आणि त्याने आपल्या वयाच्या पाचपटीचं वचन दिलं. माझ्या वाचनात सरकारी वचनाची इतकी लांब मुदत दुसरी आलेली नाही. जमिनीचे भाडेपट्टे बहुधा ९९ वर्षांचे असतात, बहुतेक कर्जरोखेही शंभर वर्षांच्या आतले. ऑस्लोजवळच्या जंगलात केटी पॅटरसन यांनी २०१४मध्ये एक हजार स्प्रूस लावले, शंभर लेखकांची न वाचलेली पुस्तकं त्या झाडांच्या कागदावर २११४ला छापायची म्हणून. तीही मुदत शंभराचीच.

डोंगरावर झाड लावणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं. त्या कागदाचे नियम मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. झाड वारसाला देता येतं. दुसऱ्याच्या नावावर करता येतं. मेल्यावर त्या झाडाखाली पुरून घेण्याचीही मुभा आहे. पण डोंगर कुणाचाही नाही, तो विकता येत नाही, आणि झाड तिथून हलवता येत नाही. ज्यांचं आयुष्य सातबाऱ्यावर नाव चढवण्यात आणि उतरवण्यात जातं, भावाभावांत बांधावरून कोर्टकचेऱ्या होतात, अशा आपल्यासारख्यांना हा दस्तऐवज वेगळाच वाटतो: नाव लागतं, वारसनोंद होते, आणि तरी त्या नावाने करता येण्यासारखी गोष्ट एकच उरते, झाड राखणं.

डेन्स यांनी हा कागद साधारण वीस पिढ्यांना पुरेल असा धरलेला आहे. या हिशेबाने एका झाडाला एकामागून एक वीस राखणदार लागतात, ११,००० झाडांना २ लाख २० हजार. त्यातल्या पहिल्या ११,००० जणांनी आपला वाटा उचलला. त्यांनी लावलेल्या झाडांना आता तीस वर्षं होत आली आहेत आणि कित्येक प्रमाणपत्रं पुढच्या पिढीच्या हाती जाण्याच्या बेतात असतील. उरलेले २ लाख ९ हजार राखणदार अजून यायचे आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचे आजी-आजोबाही अजून जन्मलेले नाहीत.